डीबगर लावला की चालतो, काढला की बंद: एसटीएम३२ बोर्डाचा दोष पायरीपायरीने शोधताना

डीबगर (चिपमध्ये प्रोग्राम भरणारं आणि तो थांबवून तपासू देणारं साधन) जोडलेला असताना बोर्ड तासन्‌तास व्यवस्थित चालतो. केबल काढून नुसती वीज दिली की एलईडीसुद्धा लुकलुकत नाही. पुन्हा डीबगर जोडावा, तर सगळं सुरळीत. ही अडचण मायक्रोकंट्रोलरवर काम करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतेच. अशा वेळी बहुतेकजण कोडमध्ये इथे-तिथे बदल करून पाहत बसतात आणि त्यात दिवस जातो.

डीबगर फक्त आत डोकावून पाहतो, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जोडलेला असेपर्यंत तो तुमच्या सर्किटचाच एक भाग असतो. तो बोर्डाला ग्राउंड देतो, कधी वीजही देतो. रीसेटची तार धरून ठेवतो, प्रोग्राम कुठून सुरू करायचा ते प्रोसेसरला सांगतो, चिपमधली काही बिटं चालू करतो. शिवाय तुम्ही ‘रन’ दाबेपर्यंत बाकीच्या भागांना जागं व्हायला वेळ मिळतो तो वेगळाच. यांपैकी नेमकी कोणती गोष्ट तुमचा बोर्ड स्वतःहून करू शकत नाही, एवढंच शोधायचं आहे.

उदाहरण म्हणून एसटीएम३२एफ१०३सी८ ही चिप घेतो. ब्लू पिल बोर्डावर तीच असते आणि एसटी-लिंक या डीबगरसोबत ती वापरणारे खूप आहेत. कॉर्टेक्स-एम जातीचा प्रोसेसर असलेल्या इतर चिपवरही बहुतेक गोष्टी लागू पडतात. पत्ते आणि पिनांची नावं तेवढी आपापल्या चिपच्या माहितीपत्रकातून घ्यावीत.

आधी वीज खरोखर बंद करा

या चिपच्या कॉर्टेक्स-एम३ प्रोसेसरमधली डीबगची काही बिटं रीसेटचं बटण दाबून पुसली जात नाहीत. डीएचसीएसआर रजिस्टरमधलं (रजिस्टर म्हणजे चिपमधली छोटी नोंदीची जागा) ‘सी_डीबगइएन’ आणि डीईएमसीआर रजिस्टरमधलं ‘टीआरसीईएनए’ ही दोन बिटं वीज जाऊन परत आल्यावरच शून्य होतात. काही साधनं सत्र बंद करताना ती स्वतः पुसतात, काही तशीच ठेवतात. म्हणजे केबल काढली तरी चिप अजून डीबगर असल्यासारखी वागत असू शकते. केबल काढून बोर्ड चालला म्हणून दोष गेला असं समजावं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वीज दिल्यावर तो पुन्हा गप्प बसावा, असं घडतं ते यामुळेच.

वीज बंद करणं म्हणजे नुसता स्विच बंद करणं नव्हे. यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडलेला असेल तर त्याच्या टीएक्स (डेटा पाठवणाऱ्या) तारेतून, चिपच्या पिनवरच्या संरक्षक डायोडमार्गे, बोर्डावर चोरून व्होल्टेज येतं. म्हणून सगळ्या तारा काढा, मल्टिमीटर व्हीडीडी (चिपला वीज देणारी पिन) आणि ग्राउंड यांच्यामध्ये लावा, आणि तो शून्याजवळ आल्याची खात्री झाल्यावरच पुन्हा वीज द्या. पुढच्या प्रत्येक चाचणीत ‘वीज बंद करून चालू करा’ याचा अर्थ हाच घ्यायचा.

डीबगर एकदम काढू नका, तार-तार काढा

आता सगळ्यात उपयोगाची चाचणी. पूर्ण केबल उपटली की पाच-सहा गोष्टी एकाच वेळी बदलतात आणि काहीच कळत नाही. त्याऐवजी असं करा:

१. केबल तशीच ठेवा, फक्त डीबगचं सत्र बंद करा आणि बोर्डावरचं रीसेट बटण दाबा. इथेच बोर्ड अडला, तर संशय सुरुवातीचा पत्ता, बूट० पिन आणि सेमीहोस्टिंग यांच्यावर; तिन्ही पुढे समजावली आहेत.

२. केबल जोडलेली ठेवूनच बोर्डाची वीज बंद करून चालू करा. पहिली चाचणी पास आणि ही नापास, असं झालं तर दोष एकतर वर सांगितलेल्या बिटांशी जोडलेला आहे, नाहीतर वीज चढण्याच्या वेळेशी.

३. बोर्डाला त्याच्या स्वतःच्या सप्लायवर आणा आणि एसटी-लिंकची ३.३ व्होल्टची तार काढा. मग एनआरएसटी (रीसेटची तार) काढा. मग एसडब्ल्यूडीआयओ (डीबगच्या डेटाची तार), मग एसडब्ल्यूसीएलके (डीबगच्या क्लॉकची तार), आणि सगळ्यात शेवटी ग्राउंड. प्रत्येक तारेनंतर वीज बंद-चालू.

जी तार काढल्यावर बोर्ड मरतो, ती तार काय देत होती ते पाहा. ३.३ व्होल्टच्या तारेवर मेला तर सप्लाय अपुरा आहे. एनआरएसटीवर मेला तर रीसेटची ओळ मोकळी आहे किंवा कुणीतरी खाली ओढतंय. ग्राउंडवर मेला तर तुमच्या सप्लायचं आणि बोर्डाचं ग्राउंड नीट जोडलेलंच नाही आणि परतीचा प्रवाह कम्प्यूटरमार्गे जातो आहे.

स्वस्त पेनड्राइव्हच्या आकाराच्या एसटी-लिंकमध्ये ३.३ व्होल्टची पिन खरोखर वीज पुरवते. मूळ एसटी-लिंक/व्ही२ च्या २० पिनांच्या कनेक्टरवरची पहिली पिन मात्र बोर्डाचं व्होल्टेज फक्त मोजते. हा फरक माहीत नसला की एका डीबगरवर चालणारा बोर्ड दुसऱ्यावर का चालत नाही याचा उलगडा होत नाही.

बंद पडलेल्या चिपलाच विचारा

तारांच्या चाचणीत उत्तर मिळालं नाही, म्हणजे सगळ्या तारा असूनही वीज दिल्यावर बोर्ड गप्प राहिला, तर चिप कुठे अडकली आहे ते पाहायचं. नेहमीप्रमाणे ‘डीबग’ बटण दाबलंत तर साधन चिपला रीसेट करेल आणि पुरावा पुसला जाईल. त्याऐवजी बोर्डाला आधी एकट्याने चालू होऊ द्या, अडकू द्या, आणि मग फक्त एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि ग्राउंड एवढ्या तीन तारा जोडा. एसटीएम३२क्यूबप्रोग्रामर या एसटी कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडणीचा प्रकार ‘हॉट प्लग’ निवडा. त्यात रीसेट होत नाही. जोडणी झाली की प्रोसेसर थांबवा आणि प्रोग्राम काउंटर, म्हणजे प्रोसेसर कोणत्या पत्त्यावरच्या आज्ञेवर आहे तो आकडा, वाचा.

काउंटर हेक्स १एफएफएफ एफ००० च्या पुढे असेल तर चिप कंपनीच्या बूटलोडरमध्ये (प्रोग्राम भरून घेणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) बसली आहे: बूट० पाहा. एफएफएफएफ एफएफएफई दिसलं तर प्रोसेसर लॉकअपमध्ये (पूर्ण अडकलेला) आहे, म्हणजे बहुधा त्याला व्हेक्टर टेबल, म्हणजे सुरुवातीच्या पत्त्यांची यादीच, मिळालं नाही. हेक्स ०८०० पासून सुरू होणारा पत्ता असेल तर तो तुमच्याच कोडमध्ये आहे. मॅप फाइल (कोणतं फंक्शन कोणत्या पत्त्यावर आहे त्याची यादी) उघडून कोणतं फंक्शन ते शोधा. हार्डफॉल्टचा (प्रोसेसरच्या गंभीर चुकीचा) हँडलर, एरर_हँडलर आणि एखादं थांबण्याचं लूप, या तीनपैकी एक असण्याची शक्यता फार मोठी.

हार्डफॉल्ट असेल तर लगेच एचएफएसआर रजिस्टर वाचा. त्याचा पत्ता हेक्स ई००० ईडी२सी. इथे तीन बिटं बोलतात. ३१ वं बिट १ असेल तर डीबग चालू नसताना ब्रेकपॉइंटची आज्ञा आली होती. ३० वं असेल तर आधी दुसरा फॉल्ट झाला आणि त्याचं रूपांतर हार्डफॉल्टमध्ये झालं. मग ई००० ईडी२८ वरचं सीएफएसआर वाचावं. १ क्रमांकाचं बिट व्हेक्टर टेबल वाचताना झालेल्या चुकीचं.

हॉट प्लगने जोडणीच झाली नाही, तर तीही माहितीच आहे. चिप खोल झोपेत गेली असेल, किंवा तुमच्या कोडने पीए१३ आणि पीए१४ या डीबगच्या पिना दुसऱ्याच कामाला लावल्या असतील.

सेमीहोस्टिंग: पहिला संशय इथेच घ्या

हार्डवेअर ठीक असलेल्या बोर्डावर मी सगळ्यात आधी हेच तपासतो. सेमीहोस्टिंगमध्ये प्रिंटएफचा मजकूर चिपवरून थेट तुमच्या कम्प्यूटरच्या पडद्यावर येतो, वेगळी सीरियल तार लागत नाही. सोय छान आहे. पण आतून ती बीकेपीटी ०एक्सएबी या ब्रेकपॉइंटच्या आज्ञेवर चालते. डीबगर असेल तर तो प्रोसेसर थांबवतो, मजकूर उचलतो आणि पुढे जाऊ देतो. डीबगर नसेल तर ही आज्ञा घ्यायला कुणीच नसतं आणि प्रोसेसर सरळ हार्डफॉल्टमध्ये जातो. आणि सी_डीबगइएन बिट अजून चढलेलं असेल, तर फॉल्टही होत नाही. प्रोसेसर तिथेच मुकाट्याने थांबतो.

ओळखायची खूण वर दिलीच आहे: एचएफएसआरचं ३१ वं बिट. काढून टाकण्यासाठी जीसीसी कंपायलरच्या लिंकर पर्यायांत ‘आरडीआयमॉन.स्पेक्स’ आहे का पाहा, असेल तर त्याजागी ‘नोसिस.स्पेक्स’ घाला. मेनच्या सुरुवातीला ‘इनिशियलाइज_मॉनिटर_हँडल्स’ ला हाक मारलेली असेल तर ती ओळ काढा. प्रिंटएफ हवाच असेल तर ‘_राइट’ फंक्शन स्वतः लिहून तो यूएआर्टकडे (सीरियल पोर्टकडे) वळवा. एनएक्सपीच्या एमसीयूएक्सप्रेसोमध्ये हाच प्रश्न ‘रेडलिब’ लायब्ररीचा सेमीहोस्ट प्रकार निवडल्याने येतो. तिथे लायब्ररीचा प्रकार बदलायचा.

शेवटी तयार झालेल्या फाइलचं डिसअसेम्ब्ली (प्रोसेसरच्या आज्ञांची वाचता येणारी यादी) काढा आणि त्यात ‘बीकेपीटी’ शोधा. आपण सेमीहोस्टिंग वापरतच नाही असं ठामपणे वाटत असलं तरी हे कराच. कुठल्यातरी असर्टमध्ये (कोडने स्वतःची केलेली तपासणी), कुठल्यातरी उसन्या लायब्ररीत ती आज्ञा लपलेली असते. असर्टमध्ये ती ठेवायचीच असेल तर आधी डीएचसीएसआरचं शून्यावं बिट तपासून, ते १ असेल तरच चालवा. एम३ आणि एम४ वर कोडमधून हे वाचता येतं.

सुरुवातीचा पत्ता

वीज आल्यावर कॉर्टेक्स-एम शून्य पत्त्यावरचे दोन शब्द वाचतो: पहिला स्टॅकचा माथा, दुसरा रीसेट हँडलरचा पत्ता. डीबगर मात्र हे टाळू शकतो. ईएलएफ फाइलमध्ये (तयार झालेल्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये) लिहिलेला प्रवेशबिंदू घेऊन तो प्रोग्राम काउंटर थेट तिथे बसवतो. त्यामुळे व्हेक्टर टेबल चुकीच्या जागी असलं किंवा गायबच झालेलं असलं, तरी डीबगरखाली प्रोग्राम सुरू होतो.

तपासणी सोपी आहे. क्यूबप्रोग्रामरने हेक्स ०८०० ०००० पासूनचे पहिले दोन शब्द वाचा. एफ१०३सी८ मध्ये २० केबी रॅम असल्याने पहिला शब्द साधारण २००० ५००० किंवा त्याहून कमी असायला हवा. दुसरा ०८०० ने सुरू होणारा आणि विषम हवा, कारण शेवटचं बिट थम्ब अवस्थेची खूण असते. दोन्ही जागी एफएफएफएफ एफएफएफएफ दिसलं तर फ्लॅशच्या सुरुवातीला काहीच नाही. मग एकतर तुमची बिल्ड रॅममध्ये भरली जाते आहे आणि वीज जाताच नाहीशी होते, किंवा प्रोग्राम पुढच्या पत्त्यावर, समजा ०८०० २००० वर, बूटलोडरसाठी जागा सोडून बांधला आहे आणि बूटलोडरच घातलेला नाही. शब्द आहेत पण निरर्थक आहेत, असं असेल तर लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणता भाग कुठल्या पत्त्यावर जाईल ते ठरवणाऱ्या फाइलमध्ये) आयएसआर व्हेक्टरच्या ओळीभोवती ‘कीप’ आहे का पाहा. नसेल तर न वापरलेले भाग काढून टाकणारा लिंकर टेबलही काढून टाकतो.

बूटलोडर आहे, तो उडी मारतो, आणि पहिल्या इंटरप्टला सगळं कोसळतं? मग मुख्य प्रोग्रामने व्हीटीओआर रजिस्टरमध्ये आपल्या टेबलचा पत्ता लिहिलेला नाही.

बूट०, एनआरएसटी आणि व्हीडीडीए

स्वतः डिझाइन केलेल्या पीसीबीवर या तीन पिना सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी डोळ्यांनी पाहाव्यात.

एफ१०३ मध्ये बूट० शून्य असेल तर फ्लॅशमधून सुरुवात होते. बूट० एक आणि बूट१ शून्य असेल तर कंपनीच्या बूटलोडरमधून, आणि दोन्ही एक असतील तर रॅममधून. रीसेटनंतर सिस्टिम क्लॉकच्या चौथ्या चढत्या कडेला या पिना वाचल्या जातात. मोकळी सोडलेली बूट० त्या क्षणी हवेतून काहीही उचलते. १० किलोओहमच्या रेझिस्टरने ती ग्राउंडला बांधा. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत चिल्लर पैशांत मिळणाऱ्या या भागाअभावी कित्येक बोर्ड बाद ठरवले जातात, हे खरंच वाईट वाटण्यासारखं आहे. ब्लू पिलवर पिवळे जंपर असतात; प्रोग्राम भरताना बूट० चा जंपर एकवर नेला असेल तर तो शून्यावर परत आणला का, तेवढं पाहा.

एनआरएसटीला चिपच्या आत सुमारे ४० किलोओहमचा पुल-अप असतो, म्हणून ती बाहेरून मोकळी असली तरी बहुधा चालते. पण लांब ट्रॅक, जवळून जाणारी मोटरची तार किंवा रिले असेल तर तिच्यावर गोंगाट येतो आणि चिप पुन्हा पुन्हा रीसेट होते. पिनजवळ १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला लावा. मायक्रोचिपच्या पीआयसी चिप वापरणाऱ्यांना तर हा प्रश्न फार जुना आहे: पिकिट हा त्यांचा डीबगर एमसीएलआर ही रीसेटची पिन वर धरून ठेवतो, तो काढला की पिन मोकळी होते आणि चिप रीसेटमध्येच अडकते. तिथेही १० किलोओहमचा पुल-अप हेच उत्तर. शिवाय एमपीलॅबमध्ये ‘डीबग’ बिल्ड भरलेली असेल तर ती डीबगरशिवाय चालतच नाही. प्रोग्राम करण्याचं वेगळं बटण वापरावं लागतं.

व्हीडीडीए ही अ‍ॅनालॉग भागांना वीज देणारी पिन ‘एडीसी वापरत नाही’ म्हणून सोडून देतात. ती चूक महागात पडते. एफ१०३ मध्ये रीसेटचा भाग, आतले आरसी ऑसिलेटर आणि पीएलएल (क्लॉकचा वेग वाढवणारा भाग) या सगळ्यांना वीज तिथूनच मिळते.

डीडब्ल्यूटीवर बांधलेला डिले

ही अडचण कमी लोकांना माहीत आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. मायक्रोसेकंदांचा अचूक डिले मिळवण्यासाठी डीडब्ल्यूटी या प्रोसेसरमधल्या डीबगच्या भागाचा सायकल काउंटर (क्लॉकचे ठोके मोजणारा) वापरण्याची पद्धत लोकप्रिय आहे. काउंटर वाचायचा, आणि तो ठरावीक आकड्याने पुढे जाईपर्यंत लूपमध्ये थांबायचं. पण हा काउंटर मोजायला लागण्यासाठी डीईएमसीआरमधलं टीआरसीईएनए, म्हणजे २४ वं बिट, चालू हवं. डीबगर ते बहुधा स्वतःच चालू करतो. तुमच्या कोडने केलेलं नसेल तर डीबगरशिवाय काउंटर शून्यावरच राहतो आणि पहिल्याच डिलेमध्ये प्रोग्राम कायमचा अडकतो. फॉल्ट नाही, रीसेट नाही.

याची ओळख तार-चाचणीच्या निकालातच आहे: रीसेट बटणावर चालतो, वीज बंद-चालू केल्यावर अडतो, आणि हॉट प्लगने पाहिलं तर प्रोग्राम काउंटर डिलेच्या फंक्शनमध्ये. उपाय दोन ओळींचा: मेनच्या आरंभी आधी टीआरसीईएनए चालू करा, मग डीडब्ल्यूटी कंट्रोलमधलं सायकल काउंटरचं बिट. क्रम हाच ठेवा. कॉर्टेक्स-एम० मध्ये हा सायकल काउंटर नसतोच, तिथे टायमर वापरा.

वेळेचे दोष

डीबगर जोडून तुम्ही ‘रन’ दाबता तेव्हा बोर्डाला वीज मिळून कित्येक सेकंद झालेले असतात. एकट्या बोर्डावर मात्र व्होल्टेज २ व्होल्टच्या आसपास पोहोचताच एफ१०३ काही मिलिसेकंदांत जागी होते, आणि तिच्या शेजारचे भाग अजून झोपेतच असतात. एचडी४४७८० वर चालणारा साधा एलसीडी घ्या: त्याचं माहितीपत्रक सांगतं की सप्लाय ४.५ व्होल्टला पोहोचल्यावर १५ मिलिसेकंदांहून जास्त थांबा, मगच पहिली आज्ञा द्या. आधी दिलेल्या आज्ञा वाया जातात आणि पडदा कोरा राहतो. सेन्सर, जीएसएम मॉड्यूल, एसडी कार्ड यांच्याही अशाच अटी असतात. सेन्सरने उत्तर दिलं नाही आणि कोड उत्तराची वाट पाहत लूपमध्ये बसला, की बोर्ड मेल्यासारखा दिसतो.

पारख करण्यासाठी मेनच्या अगदी सुरुवातीला, डीडब्ल्यूटी न वापरता, साध्या लूपने अर्धा सेकंद घालवा. तेवढ्याने बोर्ड चालायला लागला तर दोष वेळेचा आहे हे नक्की. पण तो अर्धा सेकंद उपाय म्हणून तसाच सोडून देऊ नये. कोणत्या भागाला किती वेळ लागतो ते माहितीपत्रकात पाहा, तेवढंच थांबा, आणि उत्तराची वाट पाहणाऱ्या प्रत्येक लूपला वेळेची मर्यादा घाला. थंडीत किंवा उतरलेल्या बॅटरीवर सप्लाय आणखी हळू चढतो, तेव्हा अंदाजाने ठेवलेला डिले अपुरा पडतो.

८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सुरू झाला नाही तर एसटीची हॅल लायब्ररी ठरावीक वेळ थांबून चूक कळवते आणि प्रोग्राम एरर_हँडलरमध्ये जाऊन बसतो. क्रिस्टलला हात किंवा प्रोब लावल्यावर बोर्ड चालू होत असेल तर लोड कपॅसिटरची किंमत तपासा. क्लॉक वाढवण्याआधी फ्लॅशच्या वेट स्टेट (वाचताना थांबायच्या सायकल) दिल्या आहेत का तेही पाहा: २४ मेगाहर्ट्झपर्यंत शून्य, ४८ पर्यंत एक, ७२ पर्यंत दोन.

वॉचडॉगचं (प्रोग्राम अडकला तर चिप रीसेट करणाऱ्या टायमरचं) वागणं फसवं असतं. डीबगरमधून प्रोसेसर थांबवला की वॉचडॉगही थांबावा, असं एक बिट डीबीजीएमसीयू रजिस्टरमध्ये असतं आणि बरीच साधनं ते स्वतः लावतात. म्हणून ब्रेकपॉइंटवर ब्रेकपॉइंट घेत गेलात की सगळं ठीक दिसतं. डीबगरखालीच एकही थांबा न घेता प्रोग्राम दोन मिनिटं चालू द्या. रीसेट झाला तर कारण सापडलं. एकट्या बोर्डावर तपासायचं तर सुरुवातीला आरसीसी_सीएसआर हे रीसेटच्या कारणांचं रजिस्टर वाचून यूएआर्टवर छापा: २९ वं बिट स्वतंत्र वॉचडॉगचं, २७ वं वीज येण्याचं, २६ वं रीसेट पिनचं. वाचून झालं की २४ व्या बिटाने ते पुसा, नाहीतर जुन्या खुणा पुढच्या वेळी दिशाभूल करतील. या वॉचडॉगचं घड्याळ नावाला ४० किलोहर्ट्झचं असलं तरी ३० ते ६० मध्ये कुठेही असू शकतं. ४० धरून मोजलेला एक सेकंद एखाद्या चिपवर ०.६७ सेकंदात संपतो.

झोपेचे मोड वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. डीबगच्या बिटांमुळे स्टॉप मोडमध्येही प्रोसेसरचं क्लॉक चालू राहू शकतं. डीबगरशिवाय मात्र चिप खरोखर झोपते, आणि जागी होते ती आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी ऑसिलेटरवर. क्रिस्टल आणि पीएलएल पुन्हा सुरू करणं तुमचं काम. ते राहिलं की यूएआर्टवर कचरा येतो, कारण बॉड रेट बिघडलेला असतो.

दुरुस्तीनंतरची चाचणी

एसटी-लिंक, सीरियल अडॅप्टर, प्रोब, सगळं काढून टाका आणि बोर्ड ज्या सप्लायवर शेवटी चालणार आहे त्याच सप्लायवर लावा. लॅबच्या सप्लायवर ही चाचणी करू नका. त्याचं व्होल्टेज चढण्याची पद्धत वेगळी असते. वीज द्या, चालला का पाहा, बंद करा, व्हीडीडी शून्यावर येऊ द्या, पुन्हा द्या. मग मुद्दाम अर्धवट बंद करा: व्होल्टेज एकदीड व्होल्टपर्यंत उतरलं की लगेच परत चालू. सप्लायचं व्होल्टेज हळूहळू वाढवता येत असेल तर तसंही करून पाहा. यातल्या एखाद्या प्रकारात बोर्ड अडलाच, तर काहीही बंद न करता तीन तारा जोडा आणि प्रोग्राम काउंटर वाचा.